रेडिओ-संकेतांचे शक्तिमापन : स्वयंचलनाचा इतिहास आणि मापकाचा विवेक

१. विषयप्रवेश

मापनाचे उपकरण जसजसे वेगवान व स्वयंचलित होत जाते, तसतसे मापकाचे श्रम व त्याची जबाबदारी ही दोन्ही कमी होत जातात, असा सर्वसाधारण समज आहे. ह्यांपैकी श्रमांविषयीचा भाग खरा आहे. जबाबदारीविषयीचा भाग मात्र इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. रेडिओ-संकेतांची शक्ती मोजण्याच्या पद्धतींचा गेल्या शतकातील इतिहास पाहिला, तर असे आढळते की स्वयंचलनाच्या प्रत्येक टप्प्यावर मापकाचा निर्णय नाहीसा न होता मापनानंतरच्या वाचनाकडून मापनापूर्वीच्या मांडणीकडे सरकत गेला आहे. पूर्वी संशोधक आलेखाकडे पाहून ठरवीत असे की अमुक रेषा म्हणजे संकेत व अमुक रेषा म्हणजे गोंगाट. आज तो निर्णय पट्टारुंदी, सरासरीचा काल आणि उपकरणातील गणनेचा नियम निवडतानाच घेतला जातो, आणि पुष्कळदा तो आपण घेतला आहे ह्याची जाणीवही राहत नाही.

ह्या विधानाचे समर्थन करण्याच्या हेतूने प्रस्तुत लेखात रेडिओ-संकेतांच्या शक्तिमापनाचा, विशेषतः वर्णपट-विश्लेषक ह्या उपकरणाचा आणि त्याच्या स्वयंचलनाचा इतिहास तपासला आहे. उदाहरणे मुख्यतः रेडिओ ज्योतिषशास्त्रातील घेतली आहेत. आकाशातून येणारी शक्ती अत्यंत क्षीण असल्यामुळे मापनातील गुणदोष ह्या शास्त्रात जितके स्पष्ट होतात तितके इतरत्र क्वचितच होतात.

२. गोंगाट, आलेखक आणि वाचक

रेडिओ-संकेताची शक्ती मोजण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तिने उत्पन्न केलेली उष्णता मोजणे. बोलोमीटर व त्याच जातीची उपकरणे ह्याच तत्त्वावर चालतात. ह्या पद्धतीचा मोठा गुण असा की तरंगाचे रूप कसेही असो, सरासरी शक्तीचा आकडा विश्वसनीय मिळतो. तिचे दोष दोन आहेत. उष्णतेचा परिणाम स्थिर होण्यास वेळ लागतो, म्हणून अल्पजीवी संकेत तिच्या हाती लागत नाही. आणि निरनिराळ्या कंप्रतांची शक्ती तीत एकवटते, म्हणून अनेक संकेत एकत्र आले असता त्यांची फोड करता येत नाही.

क्षीण संकेतांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आड येते. १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन व नाइक्विस्ट यांनी दाखवून दिले की कोणत्याही विद्युत् रोधात केवळ त्याच्या तापमानामुळे गोंगाट निर्माण होतो, आणि त्याची शक्ती निरपेक्ष तापमान व पट्टारुंदी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. २९० केल्विन तापमानास दर हर्ट्झमागे ही शक्ती एका मिलिवॉटपेक्षा १७४ डेसिबेलने कमी भरते. आकडा लहान दिसला तरी आकाशातील बहुतेक रेडिओ-उगमांपासून मिळणारी शक्ती ह्याहूनही पुष्कळ कमी असते. तात्पर्य, रेडिओ ज्योतिषशास्त्रातील संकेत हा गोंगाटावर उभा नसून गोंगाटाच्या पोटात दडलेला असतो.

ह्याच प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की याने न्यू जर्सीतील होल्मडेल येथे २०.५ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर जे निरीक्षण केले, ते स्वयंचलित नोंदीचे आद्य उदाहरण म्हणून लक्षात घेण्याजोगे आहे. त्याचा आकाशक, म्हणजे अँटेना, चाकांवर बसविलेला असून दर २० मिनिटांनी एक फेरी घेत असे, आणि ग्राहीतून बाहेर पडणारी शक्ती कागदाच्या पट्टीवर आपोआप रेखाटली जात असे. त्यास तीन प्रकारचा व्यत्यय आढळला: जवळच्या वादळांचा, दूरच्या वादळांचा आणि तिसरा, उगम न कळणारा, संथ खरखरीचा. ही खरखर दररोज २३ तास ५६ मिनिटांनी त्याच स्थितीत परत येते हे अनेक महिन्यांच्या पट्ट्या ताडून पाहिल्यावर ध्यानात आले, आणि १९३३ मध्ये तिचा उगम आपल्या आकाशगंगेत असल्याचे जाहीर झाले. नोंद यंत्राने केली होती. परंतु सौर दिवस आणि नाक्षत्र दिवस यांतील चार मिनिटांचा फरक ओळखण्यास ज्ञानाची व चिकाटीची गरज लागली.

इलिनॉइसमधील व्हीटन येथे ग्रोट रेबर याने १९३७ मध्ये स्वखर्चाने सुमारे ९ मीटर व्यासाची तबकडी उभारली. प्रारंभी तो मीटरवरील आकडे स्वतः टिपून घेई. पुढे त्याने आलेखकाचा उपयोग केला. दिवसा रस्त्यावरील मोटारींच्या प्रज्वलनातून निघणाऱ्या ठिणग्या त्याच्या ग्राहीत शिरत, म्हणून निरीक्षणे रात्रीची करावी लागत. तरीही त्याच्या १६० मेगाहर्ट्झच्या आलेखांत आकाशगंगेच्या सौम्य उंचवट्यावर मोटारींचे टोकदार काटे उभे राहिलेले दिसतात. आलेखकाने दोहोंचीही नोंद सारख्याच निष्ठेने केली. काटे वगळावयाचे आणि उंचवटा राखावयाचा, हा विवेक वाचणाराचा होता. आणि कागदावर दोन्ही उपलब्ध असल्यामुळे तो विवेक कोणासही पुन्हा तपासून पाहता येत होता. पुढील विवेचनात ह्या गोष्टीचे महत्त्व अधिक स्पष्ट होईल.

३. डिकीचे समीकरण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या संशोधनातून सूक्ष्मतरंगांच्या मापनास गती मिळाली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या रेडिएशन प्रयोगशाळेत काम केलेल्या रॉबर्ट डिकी याने १९४६ मध्ये औष्णिक प्रारणाच्या मापनावर जो निबंध प्रसिद्ध केला, तो ह्या विषयातील पायाभूत निबंध होय. त्याची पहिली देणगी युक्तीची होती. ग्राहीचे विवर्धन स्थिर राहत नाही, आणि त्यातील चढउतार संकेतासारखेच दिसतात. म्हणून डिकीने ग्राहीस आकाशक आणि ज्ञात तापमानाचा प्रमाणित उगम यांच्याशी सेकंदास ३० वेळा आलटून पालटून जोडले, आणि दोहोंमधील फरक तेवढा मोजला. विवर्धनातील संथ बदल दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो बव्हंशी नाहीसा झाला.

दुसरी देणगी तात्त्विक होती. गोंगाटाच्या मापनातील अनिश्चितता ही उपकरणाच्या एकूण तापमानाच्या सम प्रमाणात, आणि पट्टारुंदी व मापनकाल यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. उदाहरणार्थ, उपकरणाचे तापमान १०० केल्विन आणि पट्टारुंदी एक मेगाहर्ट्झ असल्यास एक सेकंदाच्या मापनात अनिश्चितता सुमारे ०.१ केल्विन राहते. तेच मापन एका मिलिसेकंदात उरकावयाचे ठरविल्यास ती ३.२ केल्विनपर्यंत वाढते. ह्या समीकरणाने वेगाची किंमत कायमची ठरवून दिली. शीघ्र मापन करणाऱ्याने एक तर पट्टारुंदी वाढविली पाहिजे, म्हणजे कंप्रतेचा तपशील सोडला पाहिजे. नाही तर अनिश्चितता पत्करली पाहिजे. उपकरण कितीही प्रगत असले तरी ह्या नियमातून सुटका नाही; कारण हा नियम गोंगाटाच्या स्वभावातून आला आहे.

४. काल आणि कंप्रता एकत्र पाहण्याची गरज

एकाच कंप्रतेवर शक्ती मोजल्याने भागत नाही, हे सूर्याच्या निरीक्षणांतून प्रथम ठसठशीतपणे पुढे आले. ८ मार्च १९४७ रोजी सिडनी येथे पेन-स्कॉट, याब्स्ली व बोल्टन यांना एक मोठा सौर उद्रेक २००, १०० व ६० मेगाहर्ट्झ अशा तीन कंप्रतांवर आढळला. परंतु तो प्रथम सर्वांत उच्च कंप्रतेवर आणि नंतर काही मिनिटांच्या अंतराने क्रमाने खालच्या कंप्रतांवर प्रगट झाला. सौर किरीटात वर जावे तसतशी इलेक्ट्रॉनांची घनता, आणि तिच्याबरोबर तेथून निघू शकणारी कंप्रता, कमी होत जाते. तेव्हा कंप्रतेची उतरण म्हणजे उद्रेकाच्या कारणाचे किरीटातील आरोहण होय, असा अर्थ निघत होता. तो पडताळण्यासाठी तीन सुटे ग्राही पुरेसे नव्हते. मधल्या सर्व कंप्रता एकामागून एक झपाट्याने तपासणारे उपकरण हवे होते.

असे उपकरण पॉल वाइल्ड व लिंडसे मॅक्रेडी यांनी सिडनीजवळ पेनरिथ येथे १९४९ मध्ये चालविले. त्यात ग्राहीची जुळणी ७० पासून १३० मेगाहर्ट्झपर्यंत वेगाने व पुनःपुन्हा सरकविली जाई, आणि ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावर उमटणारा वर्णपट छायाचित्रित केला जाई. ह्या निरीक्षणांतून सौर उद्रेकांचे तीन प्रकार वेगळे करण्यात आले. दुसऱ्या प्रकारची कंप्रता मिनिटामिनिटाने संथपणे उतरते, आणि त्याचे कारण किरीटातून सेकंदास हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारा आघाततरंग असल्याचे पुढे निश्चित झाले. तिसऱ्या प्रकाराची कंप्रता काही सेकंदांतच उतरते, आणि त्याच्या मुळाशी प्रकाशवेगाच्या सुमारे तृतीयांश वेगाने धावणारा इलेक्ट्रॉनांचा लोट असतो. १९५२ मध्ये डॅप्टो येथील नव्या केंद्राने हीच व्याप्ती ४० ते २४० मेगाहर्ट्झपर्यंत नेली.

ह्या परंपरेशी भारतीय रेडिओ ज्योतिषशास्त्राचा साक्षात् संबंध आहे. गोविंद स्वरूप १९५३ मध्ये सिडनीस गेले आणि तेथील पथकांत त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. पुढे टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथे १०० ते ५८० मेगाहर्ट्झच्या क्रमवीक्षक ग्राहीच्या साहाय्याने मॅक्सवेल व स्वरूप यांनी उद्रेकांचा एक नवा प्रकार शोधून काढला. त्यात कंप्रता आधी उतरते आणि मग वळून पुन्हा चढते. चुंबकीय कमानीवरून जाऊन परत उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे ते चिन्ह होय. हा शोध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कंप्रतेवरील शक्तीचा आलेख कितीही अचूक असता, तरी हे वळण त्यात दिसले नसते.

५. वर्णपट-विश्लेषक आणि क्रमवीक्षणाचा नियम

वाइल्डचे उपकरण एका विशिष्ट शास्त्रीय प्रश्नासाठी बांधलेले होते. त्याच तत्त्वावरील सर्वसाधारण उपकरण, म्हणजे वर्णपट-विश्लेषक, युद्धकालीन सर्वदर्शी ग्राहींमधून विकसित झाले. १९६४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ८५५१ए हा सूक्ष्मतरंगांसाठीचा विश्लेषक बाजारात आणला. एका दमात दोन गिगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा न्याहाळण्याची त्याची क्षमता त्या काळी लक्षणीय होती. पुढील काही वर्षांत पडद्यावरील उंचीचे निरपेक्ष शक्तीत अंशशोधन केलेले विश्लेषक प्रचारात आले, आणि पूर्वी केवळ संकेत कोठे आहे हे दाखविणारे उपकरण तो किती आहे हेही सांगू लागले.

ह्या उपकरणाची रचना थोडक्यात अशी. येणारा संकेत व स्थानिक आंदोलकाची कंप्रता यांचे मिश्रण करून एक ठराविक मध्यम कंप्रता काढली जाते; ती एका अरुंद फिल्टरमधून जाते; डिटेक्टर तिची शक्ती ठरवितो; आणि आंदोलकाची कंप्रता सरकत असता पडद्यावरील बिंदूही आडवा सरकतो. फिल्टरची पट्टारुंदी हीच विश्लेषकाची विभेदनक्षमता. आता फिल्टर जितका अरुंद, तितका त्यास प्रतिसाद देण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून क्रमवीक्षणास लागणारा काल हा न्याहाळावयाच्या पट्ट्याच्या सम प्रमाणात आणि फिल्टरच्या पट्टारुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. स्थिरांक साधारणतः २ ते ३ च्या दरम्यान असतो, तो २.५ धरल्यास १०० मेगाहर्ट्झचा पट्टा १०० किलोहर्ट्झच्या फिल्टरने २५ मिलिसेकंदांत, १० किलोहर्ट्झच्या फिल्टरने अडीच सेकंदांत आणि १ किलोहर्ट्झच्या फिल्टरने चार मिनिटांहून अधिक काळात न्याहाळता येतो. फिल्टर दसपट अरुंद केल्यास गोंगाटाची पातळी १० डेसिबेलने खाली येते, पण काल शतपट वाढतो. घाई करून ह्याहून जलद क्रमवीक्षण केल्यास फिल्टर पुरता भरतच नाही. शिखराची उंची खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि त्याचे स्थानही सरकते.

ह्याहून सूक्ष्म असा एक दोष येथे संभवतो. क्रमवीक्षक विश्लेषक एका क्षणी एकच कंप्रता पाहत असतो. वरील पहिल्या उदाहरणात प्रत्येक कंप्रतेच्या वाट्यास दर फेरीत केवळ २५ मायक्रोसेकंद येतात. एखाद्या ठराविक अरुंद कंप्रतेवर एक मिलिसेकंद टिकणारा स्पंद एकदाच येऊन गेला, तर तो ह्या फेरीत सापडण्याचा संभव शंभरात चार एवढाच राहतो. उलट, तो स्पंद सर्व पट्ट्यावर पसरलेला असेल तर तो निश्चित सापडेल, पण चुकीच्या वेषात. त्या मिलिसेकंदात विश्लेषकाची जुळणी जेथे असेल तेथे सुमारे ४ मेगाहर्ट्झ रुंदीचा एक उंचवटा उमटेल, आणि पाहणाऱ्यास वाटेल की त्या कंप्रतेवर एक संकेत होता. कालातील घटना कंप्रतेतील घटना म्हणून नोंदली जाईल. उपकरणाने असत्य सांगितले असे म्हणता येत नाही. त्यास विचारलेल्या प्रश्नात काल व कंप्रता यांची गाठ आधीच बांधलेली होती.

ह्या अडचणीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे सर्व कंप्रता एकाच वेळी मोजणे. त्यासाठी अनेक फिल्टरांची रांग वापरण्याची पद्धत जुनी आहे. १९६३ मध्ये सँडर वाइनरेब व त्याच्या सहकाऱ्यांनी अंकीय आत्मसहसंबंधक वापरून अवकाशातील हायड्रॉक्सिल रेणूच्या १८ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेषा शोधल्या. १९६५ मध्ये कूली व ट्यूकी यांनी फूर्ये रूपांतराची शीघ्र रीत प्रसिद्ध केली; तिच्यामुळे १०२४ नमुन्यांच्या रूपांतरास लागणारे सुमारे दहा लाख गुणाकार दहा हजारांच्या घरात आले. एकसमयावच्छेदे सर्व वर्णपट मोजणाऱ्या पुढील उपकरणांचा पाया ह्या दोन घटनांनी घातला.

६. कागदावरील खरखरीत डाग

स्वयंचलनाची ही साधने तयार होत असतानाच केंब्रिज येथे लागलेला एक शोध ह्या इतिहासात वेगळा उठून दिसतो. अँटनी ह्युइश व जोसलिन बेल यांची १९६७ मधील दुर्बीण ८१.५ मेगाहर्ट्झवर चालत असे. आंतरग्रहीय वायूमुळे होणारे रेडिओ-उगमांचे लुकलुकणे पाहावयाचे असल्यामुळे तिचा सरासरीचा काल मुद्दाम अल्प ठेवला होता. दररोज सुमारे ३० मीटर कागदाची पट्टी बाहेर पडे, आणि बेल ती डोळ्यांनी वाचून काढीत. उपकरणाच्या वागणुकीचा पुरता परिचय होईपर्यंत हे काम संगणकाकडे सोपवावयाचे नाही, असे त्या पथकाने जाणूनबुजून ठरविले होते. त्या पट्ट्यांत लुकलुकणाऱ्या उगमासारखा नाही आणि मानवनिर्मित व्यत्ययासारखाही नाही, असा एक खरखरीत डाग बेल यांना आढळला. तो नाक्षत्र कालानुसार परत येत होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी जलद आलेखकावर त्याची नोंद घेतली असता सुमारे १.३३ सेकंदांच्या अंतराने येणारे नियमित स्पंद दिसले. हाच पहिला ज्ञात पल्सार. फेब्रुवारी १९६८ मध्ये शोध प्रसिद्ध झाला.

ह्या प्रसंगातून डोळा यंत्राहून श्रेष्ठ, असा भाबडा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. येथे दोन निर्णय कामी आले. पहिला मापनापूर्वीचा: सरासरीचा काल अल्प ठेवण्याचा. तो दीर्घ असता तर स्पंद मिसळून गेले असते आणि कोणत्याही डोळ्यास काही दिसले नसते. दुसरा मापनानंतरचा: न बसणारी नोंद न टाकण्याचा. पहिल्याने शोध शक्य झाला, दुसऱ्याने तो लागला. स्वयंचलनात दुसरा निर्णय हळूहळू पहिल्यात विलीन होऊ लागतो, आणि खरा धोका येथे आहे.

७. विश्लेषकाची संगणकाशी जोडणी

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने मापन-उपकरणे व संगणक यांच्या जोडणीची जी पद्धत सिद्ध केली, तिला १९७५ मध्ये आयईईई ४८८ ह्या नावाने मानकाचे रूप मिळाले. सोळा तारांच्या एका सामायिक मार्गावर, ज्यांतील आठ तारा माहितीसाठी, एकूण पंधरापर्यंत उपकरणे जोडता येत. १९७८ मध्ये त्याच कंपनीचा ८५६८ए हा विश्लेषक आला. त्याच्या पोटात सूक्ष्मप्रक्रियक होता, आणि त्याचे बहुतेक सर्व नियंत्रण ह्या मार्गाने संगणकाकडून करता येत असे. मध्यकंप्रता, पट्टारुंदी, क्रमवीक्षणाचा काल यांचे आदेश पाठवावयाचे, एक फेरी पूर्ण होऊ द्यावयाची, आणि १००१ बिंदूंचा वर्णपट संगणकात ओढून घ्यावयाचा, अशी कार्यपद्धती रूढ झाली. पूर्वी दिवसभर लागणारे काम काही मिनिटांत होऊ लागले, शिवाय एकच मापन शेकडो वेळा त्याच रीतीने करणे शक्य झाले. पुनरावृत्तीची ही शिस्त हा स्वयंचलनाचा निर्विवाद लाभ होय.

परंतु ह्या १००१ बिंदूंकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकेका बिंदूच्या वाट्यास सुमारे १०० किलोहर्ट्झ येतात. फिल्टर १० किलोहर्ट्झचा असेल, तर प्रत्येक बिंदूच्या पोटात दहा फिल्टरांइतकी माहिती असते आणि तीमधून एकच आकडा निवडावा लागतो. सर्वांत मोठा निवडला तर एकही अरुंद रेषा हुकत नाही, पण गोंगाटाची पातळी खऱ्यापेक्षा वर दिसते. यदृच्छेने एक नमुना घेतला तर गोंगाट त्याच्या खऱ्या स्वरूपात दिसतो, पण अरुंद रेषा निसटू शकते. पडद्यावर पाहणाऱ्या जाणत्या माणसास हा फरक रेषेच्या जाडीवरूनही कळे. संगणकात पोचलेल्या आकड्यांच्या स्तंभास जाडी नसते.

सरासरीची गोष्ट ह्याहून बोधप्रद आहे. विश्लेषकाचा पडदा बहुधा डेसिबेलमध्ये, म्हणजे लॉगरिदमच्या प्रमाणात असतो. त्या आकड्यांची सरासरी घेणे सोपे असते, म्हणून अनेक आज्ञावल्या तसेच करतात. परंतु लॉगरिदमांची सरासरी आणि सरासरीचा लॉगरिदम ह्या भिन्न गोष्टी आहेत. शुद्ध संकेतासाठी त्यांत फरक पडत नाही. औष्णिक गोंगाटासाठी मात्र पहिली दुसरीपेक्षा २.५१ डेसिबेलने कमी येते. म्हणजे खरी शक्ती दाखविलेल्या शक्तीच्या सुमारे १.७८ पट असते. हजार फेऱ्यांची सरासरी घेतली तरी ही तूट तशीच राहते. उलट आकडा अधिक स्थिर झाल्याने तो अधिक विश्वसनीय भासतो. पुनरावृत्तीने यादृच्छिक दोष घटतो, रीतीचा दोष घटत नाही, हे तत्त्व सर्वश्रुत आहे. वेगवान उपकरणाने मात्र रीतीच्या दोषास अचूकतेचे रूप देणे फार सोपे करून ठेवले आहे.

८. सहा वर्षे पडून राहिलेला स्पंद

२००७ मध्ये लॉरिमर व त्याच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर दुर्बिणीच्या जुन्या नोंदींतून, पाच मिलिसेकंदांहूनही कमी काळ टिकलेला एक अतितेजस्वी रेडिओ-स्पंद शोधल्याचे जाहीर केले. नोंद २००१ मधील होती. ती करणाऱ्या यंत्रणेत ३ मेगाहर्ट्झच्या ९६ वाहिन्या होत्या आणि प्रत्येकीची शक्ती दर मिलिसेकंदास नोंदली जात होती. स्पंद उच्च कंप्रतांवर आधी व नीच कंप्रतांवर नंतर आला होता, आणि हा विलंब आपल्या आकाशगंगेतील इलेक्ट्रॉनांनी घडविता येईल त्याहून पुष्कळ अधिक होता. अर्थात उगम आकाशगंगेबाहेर असला पाहिजे. तो ज्या शलाकेत सर्वांत प्रखर होता तिची एक-अंकी नोंदयंत्रणा संपृक्त झाली होती, म्हणून त्याच्या खऱ्या शक्तीचा अंदाज शेजारच्या शलाकांवरून बांधावा लागला. सर्व काही यंत्राने नोंदले असूनही सहा वर्षे ते कोणास दिसले नाही. कारण त्या नोंदी नियमित स्पंदांसाठी तपासल्या गेल्या होत्या आणि एकाकी स्पंदाचा प्रश्न पुढे विचारला गेला. शक्तीची केवळ सरासरी जतन केली असती, तर तो प्रश्न विचारूनही उपयोग झाला नसता.

ह्या शोधावर काही वर्षे शंकेचे सावट होते. २०११ मध्ये पार्क्सच्याच नोंदींतून तसेच उतरते, परंतु निश्चितपणे पृथ्वीवरचे वाटणारे स्पंद जाहीर झाले; ते दुर्बिणीच्या तेराही शलाकांत एकदम दिसत. त्यांना पेरिटॉन असे नाव मिळाले. त्यांचे कोडे २०१५ मध्ये सुटले. दुर्बिणीच्या आवारात सर्व बाजूंच्या व्यत्ययांचा विस्तृत वर्णपट सतत न्याहाळणारी यंत्रणा नुकतीच बसविली होती. पेरिटॉन आला त्याच वेळी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही शक्ती आढळली, आणि तिचा माग आवारातील सूक्ष्मतरंग भट्टीपर्यंत पोचला. भट्टी चालू असता तिचे दार मध्येच उघडले म्हणजे, बंद पडता पडता तिच्यातून असे स्पंद निघत. मुख्य दुर्बिणीच्या अरुंद पट्ट्यास जे कळले नव्हते, ते शेजारच्या साध्या पण विस्तृत वर्णपटाने सांगितले. लॉरिमरच्या स्पंदाची लक्षणे निराळी होती. पुढे २०१६ मध्ये पुनरावृत्त होणारा एक उगम जाहीर झाला, २०१७ मध्ये त्याची मूळ दीर्घिका निश्चित झाली, आणि २०२० मध्ये आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारपासून तशाच जातीचा स्पंद मिळाला. तेव्हा ह्या घटना खऱ्या आहेत हे निर्विवाद सिद्ध झाले.

९. खोडदचा अनुभव

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाचे ३० आकाशक सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेले आहेत. जागा निवडताना रेडिओ-गोंगाट कमी असणे ही एक महत्त्वाची अट होती. मूळ यंत्रणेत एका वेळी ३२ मेगाहर्ट्झची पट्टारुंदी मिळे. नव्या यंत्रणेत ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढली आहे. डिकीच्या समीकरणाप्रमाणे हा लाभ मोठा आहे. परंतु इतका रुंद पट्टा मानवी प्रक्षेपणांपासून मुक्त असणे शक्यच नाही, आणि विजेच्या तारांवरील ठिणग्यांचे अल्पजीवी काटे तर सर्वच कंप्रतांवर पसरतात. रेबरच्या आलेखातील मोटारींचे काटे निराळ्या रूपाने परत आले आहेत, असे म्हणता येईल.

ते काढून टाकण्याची येथील योजना स्वयंचलित आहे. प्रत्येक आकाशकाच्या अंकीय नमुन्यांतच, मध्यकापासूनच्या विचलनांचा मध्यक हे मानक धरून मर्यादेबाहेरील नमुने तत्क्षणी ओळखले व बदलले जातात. काटे स्वतःच सरासरी व प्रमाण विचलन बिघडवितात. मध्यक त्यांस दाद देत नाही. पण येथे एक प्रश्न उभा राहतो: अल्पजीवी काटे काढणारी यंत्रणा अल्पजीवी आकाशीय स्पंदही काढून टाकणार नाही काय? उत्तर भौतिकीत आहे. दूरचा स्पंद एकेका आकाशकाच्या नमुन्यात सहसा गोंगाटाखाली बुडालेला असतो, आणि विलंबामुळे तो कालात पसरलेलाही असतो. जवळची ठिणगी गोंगाटाच्या कितीतरी वर उसळते. मर्यादा ह्या दोहोंच्या मधे ठेवता येते. ती कोठे ठेवावयाची हे यंत्र ठरवीत नाही. रेबरने पेन्सिलीने केलेला विवेकच येथे एका संख्येच्या रूपाने आधी लिहून ठेवलेला असतो.

१०. समारोप

ह्या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, वेगाची किंमत नेहमी विभेदनक्षमतेत किंवा निश्चिततेत मोजावी लागते, आणि ती किती मोजली हे मापनाच्या आकड्यासोबत नोंदले नसेल तर तो आकडा अपुरा होय. पट्टारुंदी, क्रमवीक्षणाचा काल, डिटेक्टरचा प्रकार व सरासरीची रीत ही शक्तीच्या मूल्याची उपांगे नसून त्याचा अविभाज्य अर्थ आहेत. दुसरा, स्वयंचलित यंत्रणेने आपल्या निर्णयापूर्वीची नोंद, निदान काही अंशाने तरी, राखून ठेवावी. जान्स्कीच्या पट्ट्या, बेल यांचा कागद व पार्क्सच्या नोंदी ह्या तिन्हींचे मोल त्यांचे मूळ प्रयोजन संपल्यानंतर कळले. तिसरा, मुख्य उपकरणाशेजारी दुसरे, निराळ्या दोषांचे उपकरण असावे. कारण एकाच रीतीने केलेली असंख्य मापने परस्परांची साक्ष देतात, परीक्षा घेत नाहीत.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज बहुधा तयार आज्ञावली व तिने दिलेला एक आकडा एवढेच येते. तो आकडा स्वीकारण्यापूर्वी ज्ञात शक्तीचा प्रमाणित उगम एकदा विश्लेषकास जोडून पाहावा, पट्टारुंदी दसपट बदलून गोंगाटाची पातळी १० डेसिबेलने बदलते की नाही हे तपासावे, आणि क्रमवीक्षण मंद केल्यावर शिखराची उंची तीच राहते की नाही हेही पाहावे. ह्या तीन परीक्षांस काही मिनिटे पुरतात. यंत्राने वाचविलेल्या वेळाचा इतका अंश त्याच्याच तपासणीस देणे उचित होय.